घागरीवरचे पाच दगड

एका चित्रकाराने मला पाच दगडांना फसवलं. हे मी सात वर्षं सांगतो आहे आणि ऐकणारे सात वर्षं हसत आहेत. जमिनीत फसवलं, सोन्यात फसवलं असतं, तर चार माणसं माझ्या बाजूने उठली असती. दगड म्हटलं की लोकांना गंमत वाटते. गेल्या रविवारपासून मात्र माझ्यासमोर कुणी हसलं तर माझा हात कशावर जाईल याचा मला भरवसा राहिलेला नाही.

पंधरा दिवसांपूर्वी, दुकानाचं शटर वर करत असताना बहिणीचा फोन आला. हिरा माझी धाकटी बहीण. पेठच्या बाजूला, सावरी नदीच्या खोऱ्यात, आमच्या टोकाच्या पाड्यावर राहते.

"दादा, कारवी फुलली."

एवढंच म्हणाली. पूर्वी ही बातमी आली की अंगात वारं शिरायचं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. सहा वर्षं डोंगरावर नुसती खरखरीत पानं, आणि सातव्या वर्षी गणपती उठले की अख्खी उतरण जांभळी. मग ती सगळी एकदम वाळते. वाळल्यावर तिच्या काड्या आम्ही भिंतींना लावतो, वरून शेण-माती लिंपतो. मी जन्मलो त्या घराच्या चारही भिंती कधीकाळी फुललेल्या होत्या. त्या फुलांचा वास काही फार गोड नाही, किंचित चिकट, ओल्या घोंगडीवर मध सांडावा तसा. त्या दिवशी नाशकात, गल्लीत, पेट्रोलच्या धुरात तो वास मला फोनमधून आला. तरी मी पहिलं विचारलं ते फुलांचं नाही, आमच्या डोहाचं.

"घागरीला पाणी किती?"

"काठोकाठ," हिरा म्हणाली. "आन् वर हिरवंगार, गप."

गप म्हणाली, म्हणून जास्त भीती वाटली.

*

माझं दुकान तसबिरींना चौकटी करण्याचं. देव, लग्नाचे फोटो, वारलेले आजोबा, पदव्या, सगळं माझ्याकडे काचेखाली जातं. पाड्यावरून नाशकात आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात काच पुसायचो, आता माझ्या नावाची पाटी आहे. हे मला कुणी दिलेलं नाही. मला सौदा आईने शिकवला. ती घाटातल्या वळणावर पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसायची. तिचे दोन नियम होते. भाव आपण आधी बोलायचा नाही, हा पहिला. दुसरा, गिऱ्हाईक चुकत असेल तर चुकू द्यायचं, आपण खोकायचंसुद्धा नाही. गाडीतली बाई एका द्रोणाला दोन द्रोणांचे पैसे देऊ लागली, तर आई डोंगराकडे बघत बसायची. या दुसऱ्या नियमावर माझं अर्धं दुकान उभं आहे. आणि गेले पाच दिवस मला झोप नाही, तीही त्याच नियमामुळे. ते पुढे येईलच.

चित्रकार माझे जुने गिऱ्हाईक. सत्तरीचे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, कॉलेज रोडला राहायचे. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला मुद्दाम शेठ म्हणायचे. पट्टीच्या रंगावरून, माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, रुंदीवरून आम्ही तासतासभर भांडायचो, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्यात मजा यायची.

"शेठ, ही पट्टी म्हणजे लग्नाचा मांडव झाला. माझं चित्र आत नवरीसारखं बसेल का?"

"सर, तुमचं चित्र इतकं फिकट आहे की मांडव नसेल तर लोक भिंतच बघतील."

असं चालायचं. सात वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात ते म्हणाले, काढण्यासारखं काही उरलं नाही, नाशिकच्या आजूबाजूचं सगळं काढून झालं. मला राग आला. माझ्या मुलखात काढण्यासारखं काही नाही म्हणजे काय? मी म्हणालो, आमची सावरी बघितली आहे का? ते म्हणाले, दाखवा.

तिथे मी सौदा केला. पैशाचा विषयच काढला नाही. मी खोरं दाखवणार, बहिणीकडे जेवू घालणार, चित्राची चौकट माझ्याकडून. बदल्यात एकच अट: आहे तसं काढायचं. आमच्याकडचं काहीबाही सुंदर करून विकणारे मी बघितले होते. नाचणाऱ्या बाया, पडकी झोपडी, झोपडीशेजारी उगाच एक मोर. मी म्हणालो, "सर, नदी आहे तशी. झाड आहे तिथे. एक काडी जास्त नको."

ते हसले. हात पुढे केला. "आहे तसं."

माझ्या धंद्यात हातावर हात पडला की झालं. लिहून घेत नाहीत.

*

त्या दिवसाचं मला काय काय आठवतं! पहाटे निघालो होतो. पाड्यावर पोचेपर्यंत उन्हाला धार आली नव्हती. भाताच्या खाचरांत दाणा भरायला आलेला, तो दुधासारखा कोवळा वास. नागलीची बोंडं बंद मुठीसारखी. बांधावर सोनकीचा पिवळा पट्टा आणि त्याच्यावर सबंध डोंगर जांभळा. मधमाश्यांचा आवाज असा की सर म्हणाले, वर कुठे विजेच्या तारा आहेत का?

आमची सावरी तशी लहान. पावसाळा सरला की दोन महिन्यांत तिचे तुकडे होतात. पण भाद्रपद-आश्विनात तिला बघावं. दोन कडे जवळ येतात तिथे ती अडते आणि डोह करते. त्या डोहाला आम्ही घागर म्हणतो, कारण वरून तोंड लहान आणि पोट मोठं. काठाचा खडक आतून पोखरलेला आहे. वरून वाटतं, दहा पावलांत पलीकडे. पाणी हलतसुद्धा नाही. खाली ते खडकाच्या पोटात फिरत असतं. म्हशीसुद्धा तिथे उतरत नाहीत.

सरांनी तिथेच घडीचं स्टूल मांडलं. तासाभराने हिरा जेवण घेऊन पलीकडच्या काठाने आली. ती खालून, जांभळीच्या झाडापाशी नदी ओलांडून येणार होती, म्हणजे अजून बराच वळसा. सर काठाशी पुढे सरकले, पाण्यात ब्रश बुडवायला. तशी ती डोक्यावरची पाटी सावरत ओरडली,

"ए बाबा! तिथं उतार नाय! उतार नाय तिथं!"

सरांनी मान वर केली. "काय म्हणतात?"

"उतार नाही म्हणते," मी म्हणालो.

"वा," सर म्हणाले. डोळे मिटले त्यांनी. "काय वाक्य आहे. इथे उतार नाही."

आता हा शब्द. शहरात उतार म्हणजे चढाच्या उलट. तापाला उतार पडतो, वयाला उतार लागतो. आमच्याकडे नदीवर उभं राहून उतार म्हणाल, तर त्याचा एकच अर्थ होतो: पायी पलीकडे जाण्याची जागा. जिथे पाणी पसरतं, तळ दिसतो, गुडघ्याच्या वर येत नाही, तो उतार. जांभळीला उतार आहे. घागरीला उतार नाही, म्हणजे तिथे पाय टाकलास तर मेलास. हिराने ओरडून मरण सांगितलं. सरांनी ते गाण्याच्या ओळीसारखं ऐकलं.

आणि मी? मला दोन्ही अर्थ येत होते. खोऱ्यात मी एकटाच होतो ज्याला दोन्ही येत होते. गिऱ्हाईक चुकत होतं. मी डोंगराकडे बघत बसलो. खोकलोसुद्धा नाही.

का, ते मी सात वर्षांत पुष्कळ वेळा विचारलं आहे स्वतःला. थोडी गंमत वाटली. थोडं असंही वाटलं की आता समजावत बसलो तर मीही पाड्यावरचाच ठरेन, उतार म्हणजे ओलांडण्याची जागा म्हणणारा. शिवाय सर खूश होते, आणि खूश गिऱ्हाइकाला हलवू नये. हिराने आणलेली नागलीची भाकरी आणि कुरडूची भाजी त्यांनी मिटक्या मारत खाल्ली. "ताई, तुमच्या हाताला उतार नाही," असंही म्हणाले. हिरा माझ्याकडे बघून पुटपुटली, "हा म्हातारा काय बोलतोय रं, दादा?"

*

महिन्याने चित्र दुकानात आलं. कागद उलगडला आणि मी हात पुसून जवळ गेलो, इतकं ते आमचं होतं. जांभळा रंग तसाच, थोडा मळकट. घागरीचं हिरवं गप पाणी. कड्याची ती एक तिरकी भेग जी फक्त दुपारी दिसते. आणि त्या पाण्यावर, या काठापासून त्या काठापर्यंत, पाच दगड. गोल, कोरडे, एक पाऊल अंतरावर.

"हे काय आहे?"

"दगड."

"कुठले?"

"शेठ, नजर अलीकडच्या काठावर अडकत होती. तिला पलीकडे जायला वाट नको?"

"नजरेला जाऊ द्या कुठेही. नदीत दगड नाहीत! हातावर हात मारला होता आपण. आहे तसं!"

"अहो, आहे तसंच वाटतंय ना?"

मी इतका ओरडलो की समोरच्या भांडीवाल्याने दुकानातून डोकं बाहेर काढलं. सर शांत. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी ओळखतो. माणूस चांगला आहे पण त्याला कळत नाही, अशी ती नजर. चित्राच्या खाली पेन्सिलने नाव लिहिलं होतं: जिथे उतार नाही. ते वाचून मला रागातही हसू आलं. मनात म्हटलं, लिही बाबा. तुझ्याच चित्राला तू खोटं पाडतोस. दगड काढतोस आणि खाली लिहितोस, जाता येत नाही. आता तर मुळीच सांगणार नाही.

आणि मग मी त्या चित्राला चौकट केली. हो, मीच. शब्द दिला होता. सागाची पट्टी, चारही कोपरे असे जुळवले की नख जाणार नाही. ते पाच दगड मी माझ्या हाताने काचेखाली पक्के केले.

*

पुढचं सगळं हळूहळू झालं. चित्र प्रदर्शनात गेलं, तिथून ते कुणाच्या तरी फोनवर, तिथून सगळ्यांच्या. भटक्यांचे ग्रुप यायला लागले. आधी पाच-सहा जण, मग एकाच रंगाच्या टी-शर्टातली बस भरून. डोंगर चढून दमणारे, दमल्यावर खोऱ्याला मिठी मारल्यासारखा फोटो काढणारे. तीन वर्षांपूर्वी अशाच एका मंडळाने खोऱ्याच्या तोंडाशी मोठा फलक लावला. त्यावर ते चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत: जिथे उतार नाही.

फलक लागला त्या दिवशी हिरा खूश होऊन फोनवर म्हणाली, "दादा, बरं काम केलं त्यांनी. लय दिवस पायजे व्हतं. घागरीला उतार नाय म्हणून बोर्ड लावला."

मी तेव्हाही खोकलो नाही. पुढच्या रविवारी तिचा पुन्हा फोन. "अरे, बोर्ड वाचतात आन् तिथंच जातात. वाचता येत नाय का ह्यांना?"

पाड्याला वाटत होतं, शहरातल्या शहाण्या माणसांनी आपली धोक्याची पाटी लावली. शहराला वाटत होतं, केवढी गोड ओळ आहे. एकच फलक, तीन शब्द, आणि दोन्हीकडची माणसं त्याच्याकडे बघून माना डोलवत होती.

मी फलक उपटायला का गेलो नाही, असं कुणी विचारेल. कारण हिरा. ती दर वर्षी दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जायची, पालात राहायची, औषध फवारलेल्या बागेत हात सोलून घ्यायची. ग्रुप यायला लागल्यापासून गेली नाही. त्यांना भाकरी, पिठलं, ठेचा करून घालते. तिची सुगंधा बारावी झाली, वीस वर्षांची आहे, ग्रुपला वाट दाखवते. पायात बूट घालून डोंगर चढणारी आमच्या घरातली पहिली मुलगी. त्या चित्राने माझ्या बहिणीला घरी ठेवलं. हे मी नाकारलं तर मीही खोटा. म्हणून सात वर्षं मी नुसता चडफडत राहिलो, आणि चडफडण्याने नदीत काही पडत नाही, काही निघत नाही.

*

गेल्या रविवारचं मला सुगंधाने सांगितलं ते असं. कारवी बघायला तीस-चाळीस माणसं आली होती. घागरीपाशी एक बाई थांबल्या. हातात फोन, फोनवर चित्र.

"अगं, इथे दगड होते ना?"

"नाय ताई. कधीच नव्हते."

"असं कसं? हे बघ की."

"चित्रात असतील, ताई. नदीत नाहीत. इथं उतार नाय."

"हो, माहितीये, खाली बोर्डावर वाचलं. म्हणूनच तर इथून जाऊ या. बाकी सगळीकडे किती चढ-उतार आहेत! दगड पाण्याखाली गेले असणार. पाणी वाढलंय ना. पाऊल टाकलं की लागेल."

पाऊल टाकलं की लागेल! हे वाक्य मी पाच दिवस डोक्यातून काढू शकलो नाही. बाईंनी पाऊल टाकलं. सुगंधाने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं आणि त्या ओढीत स्वतः गेली. वरून पाणी हललंसुद्धा नाही, असं ती म्हणते. आत मात्र कुणीतरी पाय धरल्यासारखं. उंबराचं एक मूळ खडकातून खाली लोंबतं, ते हाताला लागलं. मनगट मोडलं, खांद्यापासून कोपरापर्यंत सालटं निघालं, पण वर आली. त्या बाई रडत होत्या, परत परत म्हणत होत्या, "मला खरंच वाटलं, लागेल."

दवाखान्यात मी पोचलो तेव्हा हिरा भिंतीला टेकून बसली होती. एकच विचारलं तिने. "दादा, बोर्डावर तर लिवलंय ना नीट?"



त्याच दुपारी मी सरांना फोन लावला. ते आता पुण्याला मुलाकडे असतात.

"सर, तुमच्या दगडावरून आमची पोर घसरली."

"कुठल्या दगडावरून?"

"जो नाही त्याच्यावरून."

मग मी सगळं सांगितलं, उतारचा अर्थसुद्धा, सात वर्षांनी. ते म्हणाले, चित्र म्हणजे नकाशा नव्हे, शेठ. फलक मी लावला नाही. मला कुणी विचारलंही नाही. मग आवाज खाली आला. "उतारवयात पलीकडच्या काठावरून कुणी ओरडून सांगतं की इथे उतार नाही. मला फार बरं वाटलं होतं हो." आणि मग, "पण तुम्ही शेजारीच उभे होतात. तुम्हाला अर्थ माहीत होता. बोलला का नाहीत?"

मी फोन ठेवला.

मंडळाच्या माणसालाही फोन केला. तो नम्र. "काका, तो फलक म्हणजे आता आमची ओळख झालीये. खाली बारीक सूचना टाकू या, सीझन संपल्यावर." मी म्हणालो, सीझन संपला की नदीच संपते, मग कुणाला सूचना देणार?

*

आज शुक्रवार आहे. नाशकात लख्ख ऊन. पण मी दर अर्ध्या तासाने दुकानाच्या पायरीवर येऊन पश्चिमेकडे बघतो. परतीचा पाऊस आहे, दुपारी घाटावर काळं भरून येतं. इकडे धूळ उडत असते आणि तिकडे घागर तासाभरात दोन हात चढलेली असते. गिऱ्हाईक काही विचारतं, मी भलतंच उत्तर देतो. सकाळी एका नवरा-नवरीच्या फोटोला काळी पट्टी लावली. बाई किंचाळल्या.

आणि सुगंधा परवा पुन्हा जाणार आहे, हाताला प्लास्टर असताना. मी ओरडलो, तर उलट मलाच म्हणते, "मामा, मी नाय गेले तर त्यांना कोण अडवणार? बोर्ड?"

म्हणून मी काल एक फळी घेतली. चांगली सागाची, कडेने तीच पट्टी जी त्या चित्राला लावली होती. त्यावर लिहिलं: "इथे नदी ओलांडता येत नाही. दगड नाहीत. कधीच नव्हते." उतार हा शब्द वापरला नाही. तो आता आमच्याकडे राहिलेला नाही. रविवारी सकाळी सातला मी ती फळी घेऊन घागरीच्या काठावर उभा असेन. पुढच्या रविवारीही, आणि कारवी वाळेपर्यंत. घसा बसेपर्यंत ओरडेन. एकदा खोकायला हवं होतं, तेव्हा खोकलो नाही. त्याचा जाब मला देता येईल तो असा.

पण तो माझा वाटा झाला. फलक लावणाऱ्यांनी तो रविवारच्या आत उतरवावा. सीझन संपल्यावर नको, आत. आणि सर, तुम्हाला हे वाचायला मिळेल याची मी व्यवस्था करणार आहे. चित्राला वाट लागते, हे तुमचं म्हणणं मी सात वर्षं ऐकून घेतलं. आता एकदा या. त्या दिवशी विसरलेलं तुमचं स्टूल हिराने अजून ठेवलंय, त्यावर बसा. समोर पाणी असेल, काठावर माणसं असतील, त्यांच्या हातात तुमचं चित्र असेल, आणि माझी भाची एका हाताने त्यांना मागे लोटत असेल. तिच्या देखत उठा, आणि तुमच्या त्या पाच दगडांपैकी पहिल्यावर पाय ठेवून दाखवा.